परदेशी स्नेहसेविकेचा डावा बूट

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी साहेब,
स्वयंसेवा परवाने व तक्रार निवारण शाखा,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिन्याने)

विषय : परदेशी स्नेहसेविकेचा डावा बूट दडवल्याच्या आरोपाबाबत खुलासा, आणि त्याच ओघात माझ्या मुलीस तिच्या स्वतःच्या मुलीची स्नेहसेविका म्हणून परवाना मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेची नोटीस. जावक क्रमांक वाचता येत नाही. शिक्क्याची शाई संपलेली दिसते.

महोदय,

आपली नोटीस मिळाली. मिळाली म्हणजे आमच्या दारावर चिकटवलेली सापडली. चिकटवणाऱ्याने बेल वाजवण्याची तसदी घेतली नाही, त्यामुळे माझ्याआधी ती आमच्या मजल्यावरच्या सर्वांनी वाचली आणि तळमजल्यावरचे शिंपी ती वाचायला मुद्दाम जिना चढून आले. नोटिशीत नमूद आहे की, "आपल्या ताब्यातील अल्पवयीन बालिकेने संस्थेत सेवा बजावणाऱ्या परदेशी स्नेहसेविकेचा डाव्या पायाचा बूट हेतुपुरस्सर दडवून संस्थेच्या व पर्यायाने देशाच्या प्रतिमेस बाधा आणली आहे," तरी मुदतीत खुलासा करावा व बूट हजर करावा. देशाची प्रतिमा एका बुटावर उभी आहे, आणि तोही डाव्या, हे मला या वयात प्रथमच कळले. असो. खुलासा करतो. बुटाचे पुढे पाहू.

मी या खात्याला परका नाही. आपल्याच कार्यालयाच्या आवक खिडकीवर मी निवृत्त होईपर्यंत बसत होतो. अर्जाचे पहिले पान वाचले जाते, दुसरे चाळले जाते आणि तिसऱ्यावर चहाचा कप ठेवला जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही हा अर्ज तीन पानांच्या पुढे जाणार आहे. कपाची सोय कृपया अन्यत्र करावी.

१. सदर अल्पवयीन बालिका म्हणजे माझी नात. वय सहा. घरात तिला खारू म्हणतात, कारण कुठलीही वस्तू हाती लागली की ती आधी लपवते आणि मग ती कशाची आहे याचा विचार करते. तिची आई, म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, परदेशात एका सुखवस्तू घरी मुले सांभाळते. खारू दोन वर्षांची असताना ती गेली. आमचे जावई हयात आहेत. कुठे आहेत हे आम्हाला माहीत नाही, आणि त्यांनाही खात्रीने सांगता येईल असे वाटत नाही. माझ्या पत्नीचे गुडघे गेलेले आहेत, जीभ शाबूत आहे. घरात माणसे एवढीच.

मुलगी जायला निघाली तेव्हा तिची पोलीस पडताळणी झाली, छातीचा एक्स-रे निघाला आणि लहान मूल कसे उचलावे याची लेखी परीक्षा झाली. त्या परीक्षेला ती खारूला कडेवर घेऊन गेली होती. मूल बाहेर ठेवून या, असे पर्यवेक्षकांनी तिला सांगितले. मग मी बाहेर खारूला घेऊन उभा राहिलो आणि आत माझी मुलगी मूल कसे उचलावे ते लिहीत बसली. ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली.

२. ज्यांचे आईबाप कामासाठी दूर आहेत अशा मुलांना दिवसभर ठेवण्यासाठी आमच्या रस्त्याच्या टोकाला बालसदन आहे. आपण ते जाणताच, कारण त्याचे उद्घाटन आपल्या हस्ते झाले. कात्री चालली नाही म्हणून फीत शेवटी शिपायाने दातांनी तोडली, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो. सुरुवातीला तिथे एक शिक्षिका होत्या. त्यांना मुलांची नावे पाठ होती आणि मुलांना पाढे. मग आपल्या शाखेने 'स्नेहसेवक योजना' आणली आणि शिक्षिकेची गरज उरली नाही.

ही योजना काय आहे ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो; चुकल्यास दुरुस्त करावे. परदेशातल्या मुलामुलींना शाळा संपली की म्हणे दम लागतो. तो घालवण्यासाठी कॉलेजात जाण्यापूर्वी ती एक वर्ष मोकळे ठेवतात, आणि त्या वर्षात दूरच्या देशी जाऊन तिथल्या मुलांची सेवा करतात. आमच्याकडे शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये फक्त एक झेरॉक्सचे दुकान असते. त्यांचे वर्ष मोकळे असते याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते आमच्या पोरांच्या डोक्यावर आणून का ओततात? ज्यांनी जन्मात धाकट्या भावाचे नाक पुसलेले नाही असे हे सेवेकरी पंधरवड्यापंधरवड्याच्या तुकड्यांनी येतात. स्वभावाने बरे असतात. बूट चांगले असतात.

प्रत्येक तुकडी मुलांना आकडे शिकवते. पंधरवडा संपेपर्यंत गाडी दहापर्यंत पोहोचते. मग ती तुकडी जाते, नवी येते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करते, कारण आधी काय झाले ते सांगायला मागे कोणी उरलेले नसते. खारू गेली दोन वर्षे दहापर्यंत मोजते आहे. दहाच्या पुढे अकरा असतात असे मी तिला घरी सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि आजीला विचारून खात्री करून घेतली. शिवाय प्रत्येक तुकडी जाताना दर्शनी भिंतीवर रंगीत हातांचे ठसे उमटवते. पुढच्या तुकडीला जागा हवी म्हणून बालसदनाचा शिपाई ती भिंत पांढरी करतो. रंगाचे इतके थर चढले आहेत की तिच्याजवळचे दार आता पुरते उघडत नाही, आणि अंगाने भरलेल्या मुलांना तिरके करून आत घ्यावे लागते.

३. आता जोडीबद्दल. आल्या दिवशी प्रत्येक स्नेहसेवकाला एक मूल नेमून देतात, त्याला जोडी म्हणतात. जोडीच्या मुलाने दारापर्यंत धावत जाऊन मिठी मारायची, पंधरवडाभर हात धरून हिंडायचे आणि शेवटच्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात कागदी मुकुट घालून गाणे म्हणायचे व रडायचे. रडण्याचा फोटो निघतो. आदल्या दिवशी बालसदनाच्या संचालिका बाई या सगळ्याची तालीम घेतात.

माझी नात या कामात फार हुशार निघाली. संचालिका बाईंनी मला मुद्दाम बोलावून कौतुक केले, की तुमच्या नातीसारखे वेळेवर रडणारे मूल आमच्याकडे दुसरे नाही. बाकीची एक तर आधी रडतात, नाही तर गाडी गेल्यावर रडतात, त्याचा काही उपयोग होत नाही. लोकांची नातवंडे गातात, चित्रे काढतात, माझी ठरल्या वेळी रडते. मी मान हलवली. घरी येऊन पत्नीला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी पोरीला कुणी तरी सोडून जातं, आणि त्याची तालीम होते. मग आणखी काय शिकायचं राहिलंय तिचं?"

४. मागच्या वर्षी माझी मुलगी रजेवर आली. रजा पंधरवड्याचीच मिळाली होती, आणि तो योगायोग आम्हाला नडला. ती जिन्यात दिसताच खारू धावत गेली आणि तिने मिठी मारली. मुलीला भरून आले. मला मात्र ती मिठी ओळखीची वाटली. पंधरवडाभर खारू आईचा हात धरून हिंडली. जायच्या दिवशी सकाळी तिने वहीच्या कागदाचा मुकुट करून डोक्यावर घातला, दारात उभी राहून गाणे म्हटले आणि नेमक्या कडव्याला रडली. मुलगी स्वतःच रडत असल्यामुळे तिला काही कळले नाही. ती गाडीत बसली. गाडी सुरू व्हायच्या आधीच खारूने बाहीने तोंड पुसले, मुकुट काढून आजीच्या हातात दिला, जपून ठेव म्हणाली, आणि मला विचारले, "आता नवी कधी येणार?"

गाडीची काच खाली होती. माझ्या मुलीने ते ऐकले.

साहेब, शब्दांत काही चूक नव्हती. आईला ती आईच म्हणत होती. फक्त आया पंधरवड्याने बदलतात अशी तिची प्रामाणिक समजूत होती, आणि ती समजूत तिने घरातून नेलेली नव्हती. त्यानंतर मुलगी फोन करी, आमच्या औषधांची चौकशी करी, आणि खारूला बोलावतो म्हटले की म्हणे, राहू दे, खेळत असेल. मला त्या वाक्याचा राग येई. खरे सांगायचे तर रागापेक्षा वाईट जास्त वाटे.

५. यंदा आजीने फोनवर तिला खडसावले आणि एक महिन्याची रजा मागायला लावली. मालकीणबाईंनी आधी हो म्हटले, मग नाही म्हटले. कारण असे, की त्यांची थोरली मुलगी शाळा संपवून वर्ष मोकळे घेणार होती आणि परदेशातल्या मुलांच्या सेवेला निघाली होती. ती घरात नसणार, तर धाकट्या दोघांकडे बघणार कोण? आता ही थोरली कोणत्या देशी, कोणत्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या बालसदनात निघाली होती, हे आपल्याला सांगायला नको, कारण परवान्यावर सही आपली आहे. तिला आमच्या मुलीचा लळा होता म्हणून तिने मुद्दाम तिच्या गावची मुले निवडली. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असे म्हणतात; इथे तर त्या घोड्याचे दाणापाणी चार वर्षे आमच्याच पोरीने केलेले.

कृपया पुन्हा एकदा शांतपणे वाचावे. खारूच्या आईने खारूकडे यायचे नाही, कारण तिला त्या घरची मुले सांभाळायची आहेत. त्या घरच्या मुलीने मात्र इकडे यायचे, कारण तिला खारूला सांभाळायचे आहे. मी खात्यात बरेच पाहिले आहे, पण शेजारच्या टेबलावर जाण्यासाठी इतका वळसा कुठल्याही फायलीने घेतलेला पाहिला नाही. या थोरलीची पोलीस पडताळणी झाली नाही, एक्स-रे निघाला नाही, परीक्षाही झाली नाही. आवडीच्या रकान्यात तिने 'मुले' असे लिहिले होते, तेवढ्यावर परवाना हातोहात मिळाला.

६. मोठ्या घरची पाहुणी म्हणून संचालिका बाईंनी तिला सगळ्यात चांगले रडणारे मूल दिले, म्हणजे खारू. मी तिचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले होते. ती स्वतःच एका संध्याकाळी खारूचा हात धरून आमच्याकडे आली. दाराच्या चौकटीला डोके लागेल एवढी उंच. तिला आमची भाषा येत होती, पण माझ्या मुलीने त्यांच्या घरात वापरली असेल तेवढीच. नमस्कार वगैरे काही नाही. दारात उभी राहून तिने मला विचारले, "हात धुतलेस का?" मी जाऊन धुऊन आलो. माझ्या पत्नीला ती आदराने वाकून म्हणाली, "पसारा आवर." माझी पत्नी त्या दिवशी जेवढी हसली तेवढी पुष्कळ दिवसांत हसली नव्हती. मी हसलो नाही. मी तिच्याविरुद्ध दोन-चार वाक्ये तयार करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

चहा झाल्यावर खारू तिला रस्ता दाखवायला निघाली आणि बूट घालायला उंबरठ्यावर बसली. ती लांबलचक मुलगी खाली बसली, खारूच्या पायात बूट चढवले, तळव्यावर हाताने दोनदा थोपटले आणि म्हणाली, "कुठे निघाली स्वारी?"

हे काय आहे ते आपल्याला कळावे म्हणून लिहितो. हे आमच्या घरातले आहे. माझी पत्नी आमच्या मुलीला बूट घालताना दोनदा थोपटून असेच विचारी, याच चालीवर. मुलगी खारूला विचारी. मुलगी गेल्यावर ते बंद पडले, कारण आजीला खाली बसता येत नाही, आणि मी बूट घालतो पण विचारत वगैरे नाही. म्हणजे आमच्या घरातली ही गोष्ट इतकी वर्षे दुसऱ्याच्या घरात रोज सकाळी वापरली जात होती. पत्नीने तोंड भिंतीकडे फिरवले. मला राग आला. त्या पोरीवर काढावा तर ती बुटाची नाडी बांधत बसलेली, मालकीणबाईंवर काढावा तर त्या समुद्रापलीकडे. म्हणून तो आपल्या शाखेवर काढायचे मी तेव्हाच ठरवले.

खारू एक पाय हवेत धरून तशीच बसून राहिली. मग तिने विचारले, हे तुला कुणी शिकवलं? थोरलीने अर्धे हाताने आणि अर्धे तोंडाने सांगितले, की तुझी आई रोज करते. धाकटा भाऊ रोज बूट कुठे तरी फेकतो, सगळ्यांना उशीर होतो, मग तुझी आई शोधते. बूट मिळेपर्यंत कामाला हात लावत नाही. खारूने हे पुन्हा पुन्हा सांगायला लावले. नवी कधी येणार हे ती त्या दिवसापासून विचारायची थांबली, हे माझ्या लक्षात नंतर आले.

७. निरोपाच्या कार्यक्रमाला आपण प्रमुख पाहुणे होतात, त्यामुळे पुढचे आपण पाहिलेच आहे. तरी नोंदीसाठी लिहितो. खारूने मुकुट घातला, गाणे म्हटले आणि रडायच्या कडव्याला ती रडली नाही. संचालिका बाईंनी फोटोवाल्याच्या मागून खुणा केल्या, स्वतः डोळे पुसून दाखवले, शेवटी दात-ओठ खाल्ले. खारू शांतपणे पुढचे कडवे म्हणत राहिली. आपले भाषण झाले. मग निघायची वेळ झाली, तर दाराशी काढून ठेवलेल्या बुटांपैकी थोरलीचा डावा बूट नाही.

शिपाई त्या न उघडणाऱ्या दारामागे अडकला. संचालिका बाईंनी पाण्याच्या पिंपात बघितले. आपण स्वतः वाकून खुर्चीखाली पाहिलेत. कार्यालयात आपल्याला इतके वाकलेले मी कधी पाहिले नव्हते. बूट खारूच्या दप्तरात होता, आणि दप्तर तिच्या पाठीवर. पण कागदी मुकुट घातलेल्या मुलीच्या दप्तरात हात कोण घालणार? पुढे बालसदनाच्या फलकावर कार्यक्रमाचा फोटो लागला, त्यात दप्तराच्या तोंडातून नाडी लोंबताना स्पष्ट दिसते. संस्थेने आपल्याकडे धाव घेतली ती हा फोटो पाहून. ती नाडी तिथे लोंबत होती हे मी नाकारत नाही.

थोरली शेवटी माझ्या पत्नीच्या चपला घालून गेली. टाचा बाहेर येत होत्या. गाडीत बसण्याआधी तिने खारूच्या पाठीवरच्या दप्तराकडे बघितले, मग हातातला उजवा बूट तिने माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "राहू दे. आई शोधेल." तेव्हा मला वाटले, पोरीला एवढीच वाक्ये येतात, त्यातले जवळ सापडले ते बोलली.

८. दुसऱ्या दिवशी सकाळी खारूला बूट घालताना मी माझ्या घोगऱ्या आवाजात, तळव्यावर दोनदा थोपटून, विचारून पाहिले. कुठे निघाली स्वारी? ती म्हणाली, "कुठंच नाही. आई यायचीय ना बूट शोधायला."

नोटिशीतला 'हेतुपुरस्सर' हा शब्द बरोबर आहे. तेवढ्यापुरते आपल्या शाखेचे अभिनंदन. बूट हरवला की तो सापडेपर्यंत आई दुसरे काही करत नाही, असे या मुलीला खात्रीलायक साक्षीदाराकडून कळले. म्हणून तिने बूट हरवला. तिला यात चोरी वाटत नाही. आपल्याला वाटते. इतक्या जणांना निरोप दिलेल्या या मुलीने प्रथमच कोणाला तरी परत बोलावले आहे, आणि त्यावर आपल्या शाखेने काय केले, तर दारावर नोटीस चिकटवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

त्यानंतर मुलीचा फोन आला. थोरली घरी पोहोचली होती. मुलीने औषधांचे विचारले नाही. "बाबा, बूट सापडला का?" मी नाही म्हटले. तिने घरातली एक जागा सांगितली, की तिथे बघितलंत का? बूट नेमका तिथेच आहे. लहानपणी ती स्वतः वस्तू लपवायची ती तिथेच. खारूला ती जागा कोणी दाखवलेली नाही. मी म्हणालो, "बघितलं. तिथं नाही. तू येऊन बघ." नोकरीत आणि नोकरीबाहेर मी सहसा खोटे बोललेलो नाही, हे बोललो, आणि त्याचा खेद नाही. मग ती म्हणाली, "खारू आहे का जवळ? द्या तिला." त्या दोघी काय बोलल्या ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही, आणि खारूने मला दाराबाहेर जायला सांगितल्यामुळे ते मला पूर्ण माहीतही नाही.

९. आता विनंती. मालकीणबाई रजा देत नाहीत. थोरली परतली तर आता धाकट्यांच्या परीक्षा आल्या, त्या झाल्या की दुसरे काही येईल. परंतु थोरलीनेच माझ्या मुलीला सांगितले, की माझी आई तुला घरी जायला रजा देणार नाही, पण परक्या मुलांच्या सेवेला जाते म्हटलेस तर नाही म्हणू शकणार नाही. चार लोकांत बरे दिसत नाही. म्हणून माझ्या मुलीला स्नेहसेविकेचा परवाना मिळावा. योजनेच्या सर्व अटी ती पूर्ण करते. उमेदवार परदेशात राहणारा असावा : राहते. मुलांची आवड असावी : तिने त्याची परीक्षा दिलेली आहे. परदेशी कुटुंबाचे शिफारसपत्र असावे : थोरली द्यायला तयार आहे, आणि आपल्या आईची सहीही मिळवते म्हणते. नेमून दिलेल्या मुलाशी उमेदवाराची पूर्वओळख नसावी, अशी शेवटची अट आहे. ती वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. पूर्ण विचारांती लिहितो, की तीही अट पुरी होते.

परवान्यासोबत काही गोष्टी मान्य व्हाव्यात. सेवेचा काळ महिन्याचा असावा. तेवढा न जमल्यास पंधरवड्याहून थोडा तरी जास्त असावा, म्हणजे ही त्यातली नव्हे हे मुलीच्या लक्षात येईल. निरोपाचा कार्यक्रम ठेवू नये. मुकुट, गाणे, फोटो काही नको. तिला जायचे झालेच तर दोघींना जसे रडायचे तसे रडू द्यावे, आधी किंवा नंतर. आकडे अकरापासून शिकवण्याची मुभा असावी. भिंतीवर हात उमटवण्याची सक्ती नसावी, दार आधीच उघडत नाही. आणि तोवर माझ्या नातीला कोणाचीही जोडी करू नये. ती आता वेळेवर रडत नाही, त्यामुळे संस्थेचेही नुकसान नाही.

'नियमात बसत नाही' असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. त्या वाक्याचा रबरी शिक्का माझ्याच टेबलावर असे, आणि तो झिजला तेव्हा नवा मीच मागवला होता. तो मारण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की नियमात बसवण्यासाठी मी माझ्या मुलीला तिच्या मुलीची परकी ठरवून दिली आहे. यापेक्षा जास्त मला वाकता येत नाही.

बुटाबाबत अंतिम खुलासा असा. डावा बूट सुस्थितीत आहे. तो कुठे आहे ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. जागेचे नाव या अर्जात मुद्दामच लिहिलेले नाही, कारण आपल्या शाखेत टपाल उघडे पडलेले असते. आपण पंचनाम्याला माणसे पाठवलीत तर त्यांना चहा मिळेल, बूट मिळणार नाही. खारू रोज संध्याकाळी तिथे जाऊन तो आहे ना ते पाहते, आणि येऊन आजीला सांगते, की अजून सापडला नाही.

आपला नम्र (उत्तर येईपर्यंत),

(सही, वाचता येत नाही हे मान्य)
खारूचे आजोबा,
निवृत्त आवक लिपिक

दिनांक : आपल्या आवक शिक्क्यावर पडेल तो. नाही तरी तोच धरतात.

सोबत :
(१) आपली नोटीस, दारावरून सोललेली. दाराचा थोडा रंग तिच्या पाठीला आला आहे, तो परत नको.
(२) उजवा बूट, नाडीसह. याची पोच द्यावी. डावा इथेच राहील. त्याला शोधणारी यायची आहे.